मालवाहू पिकअप वाहनांच्या मागील ब्रेकची अकाली झीज : पिशोर परिसराच्या संदर्भात एक विश्लेषण

सारांश :
ग्रामीण भागातील शेतमाल वाहतुकीत पिकअप या हलक्या मालवाहू वाहनाला मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. या वाहनांचे मागील ब्रेक अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात, ही वाहनधारकांची नेहमीची तक्रार असते. अशा वेळी लायनर बदलले जातात. झिजण्याचे कारण मात्र शोधले जात नाही. प्रस्तुत लेखात भारवितरण, उष्णता, भारसंवेदी झडप, हॅन्डब्रेक आणि वाहनचालनाच्या सवयी यांच्या आधारे या झिजेची कारणमीमांसा केली असून पिशोरसारख्या घाटालगतच्या गावाच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : पिकअप, ड्रम ब्रेक, लायनर, भारसंवेदी झडप, घाटरस्ता, रस्ता सुरक्षा.

प्रस्तावना :
पिशोर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील गाव. सातमाळा-अजिंठा डोंगररांगांच्या सान्निध्यामुळे या परिसरातील रस्ते चढ-उताराचे आहेत. पिशोरहून कन्नडकडे जाताना घाट लागतो. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट ओलांडावा लागतो. या घाटातील वाहतुकीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथून जड वाहनांच्या वाहतुकीस मनाई केली. आले, कापूस, मका ही या भागातील महत्त्वाची पिके होत. शेतातून गावात आणि गावातून बाजारपेठेत हा माल नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर पिकअप करते. हंगामात त्याच वाहनातून मजुरांचीही ने-आण होते.

मार्च २०२५ मध्ये कन्नड-पिशोर घाटात उसाने भरलेला ट्रक उलटून त्यावरील मजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तथापि, भरलेले वाहन, उतार आणि वाहनावर बसलेली माणसे हे तीन घटक एकत्र आल्यावर धोका किती वाढतो, याची जाणीव तिने करून दिली. म्हणूनच मागील ब्रेकची झीज हा केवळ दुरुस्तीखर्चाचा प्रश्न राहत नाही.

उद्दिष्टे :
१) मागील ब्रेकची स्वाभाविक झीज व अस्वाभाविक झीज यांतील भेद स्पष्ट करणे.
२) अस्वाभाविक झिजेच्या यांत्रिक व मानवी कारणांचे विश्लेषण करणे.
३) झिजेच्या खुणांवरून कारण ओळखण्याची पद्धती मांडणे व उपाय सुचविणे.

अध्ययन पद्धती :
लेखाची मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. उदाहरणांतील आकडे कोणत्याही विशिष्ट वाहनाचे नसून तत्त्व स्पष्ट व्हावे म्हणून गृहीत धरलेले आहेत.

ब्रेकची रचना :
आपल्याकडील बहुतेक पिकअप वाहनांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम ब्रेकची आधुनिक रचना १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनॉल्ट यांनी प्रचारात आणली. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात व त्यांवर घर्षणद्रव्याचे लायनर बसविलेले असते. पेडल दाबताच तेलाच्या दाबाने व्हील सिलेंडरमधील दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमवर आतून टेकतात. पेडल सोडल्यावर स्प्रिंग त्यांना मागे ओढतात. हॅन्डब्रेकची तारही याच शूंना जोडलेली असते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

भारवितरण व स्वाभाविक झीज :
ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढे सरकतो. त्यामुळे सामान्य मोटारीत पुढील ब्रेक अधिक काम करतात व आधी झिजतात. पिकअपच्या बाबतीत हे गणित बदलते. समजा, रिकाम्या पिकअपचे वजन १,७०० किलो असून त्यातील ४५ टक्के, म्हणजे ७६५ किलो, मागील चाकांवर आहे. माल भरल्यावर एकूण वजन ३,००० किलो होते आणि मागील चाकांवरील वाटा ६० टक्के, म्हणजे १,८०० किलो होतो. दोन आसांमधील अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची रिकाम्या स्थितीत ०.७ मीटर व भरलेल्या स्थितीत ०.९ मीटर मानली, तर गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या मंदनाने ब्रेक लावल्यास रिकाम्या वाहनात सुमारे २०० किलो आणि भरलेल्या वाहनात ४५० किलो भार पुढे सरकतो. म्हणजे मागील चाकांवर अनुक्रमे सुमारे ५६५ किलो आणि १,३५० किलो भार उरतो. मागील ब्रेकची उपयुक्त क्षमता अशा रीतीने भारानुसार दुपटीहून अधिक बदलते.

उतारावर सतत हलका ब्रेक लावला जातो. तेव्हा मंदन अल्प असल्याने पुढे सरकणारा भारही अल्प असतो व भरलेल्या वाहनाचा मोठा वाटा मागेच राहतो. यावरून असे दिसते की, नेहमी भरून घाट उतरणाऱ्या वाहनाचे मागील ब्रेक सपाट रस्त्यावरील वाहनापेक्षा लवकर झिजणे काही प्रमाणात स्वाभाविकच आहे. अमेरिकेतही इलेक्ट्रॉनिक ब्रेकवितरण असलेल्या अनेक पिकअपमध्ये मागील पॅड पुढील पॅडच्या आधी संपतात आणि वाहनधारक चकित होतात. हलक्या ब्रेकच्या वेळी मागील चाकांना अधिक वाटा देणे हा तेथे रचनेचाच भाग असतो.

उष्णता व झीज :
ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. ३,००० किलोचे वाहन ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे ४.१७ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. तेच वाहन २०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा ५८.८ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. टायर व हवा यांचा विरोध वजा जाता सुमारे ४० लाख ज्यूल ब्रेक आणि इंजिन यांनी पेलावे लागतात. एका पूर्ण थांब्याच्या तुलनेत हे काम जवळजवळ दहापट होय.

यातील ४० टक्के भाग मागील ब्रेककडे गेला आणि प्रत्येक ड्रम १० किलोचा असला, तर हवेत जाणारी उष्णता न धरता दोन्ही ड्रमचे तापमान १७० अंशांहून अधिक वाढेल. मूळ तापमान मिळविता ते २०० अंशांच्या पुढे जाते. लायनरमधील घटकद्रव्यांना बांधून ठेवणारे राळवर्गीय द्रव्य अति उष्णतेने क्षीण होते. परिणामी झीज झपाट्याने वाढते आणि घर्षण कमी होते. ड्रम तापून प्रसरण पावल्याने पेडलही अधिक खाली जाते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास निम्मे काम इंजिन उचलते, असे मानले तर तापमानवाढही निम्म्यावर येते.

उतारावर डिझेल वाचविण्यासाठी वाहन न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. आधुनिक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात ही समजूत उलट ठरते. गिअरमध्ये असलेले वाहन उतारावरून खाली येत असताना व ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच आणि सर्व भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद करून उतरणे त्याहून घातक आहे, कारण पेडलला मिळणारे व्हॅक्यूमचे साहाय्य काही दाबांतच संपते.

अस्वाभाविक झिजेची यांत्रिक कारणे :

अ) भारसंवेदी झडप : मागील चाकांवरील भार बदलता असल्याने अनेक पिकअपमध्ये चासी व मागील आस यांच्यामध्ये एक झडप व दांडा बसविलेला असतो. माल भरल्यावर चासी आसाजवळ येते, दांडा हलतो आणि मागील ब्रेकला अधिक दाब मिळतो. वाहन रिकामे झाले की दाब कमी होतो. पाटे बसल्यास चासी कायम खालीच राहते व झडपेला वाहन भरलेलेच आहे असे 'वाटते'. दांडा गंजून भरलेल्या स्थितीत अडकल्यासही हेच घडते. मग रिकाम्या वाहनातही मागील ब्रेक अधिक काम करतात, चाके घसरतात आणि लायनर संपतात. याउलट जास्त माल भरण्यासाठी पाटे वाढविल्यास भरलेले वाहनही झडपेला रिकामे भासते. तेव्हा मागील झीज कमी होते, परंतु पुढील ब्रेकवर अतिरिक्त ताण येतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून पाट्यांच्या कामानंतर झडपेची जुळणी पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

आ) हॅन्डब्रेक : तार गंजली, चिखलाने आवळली किंवा मेकॅनिकने ती प्रमाणाबाहेर ताणली, तर शू ड्रमला घासत राहतात. चालकाला हे सहज जाणवत नाही; मायलेज किंचित घटते आणि चाक तापते, एवढेच.

इ) तेलप्रणाली : व्हील सिलेंडरमधील दट्टा गंजून अडकणे, तसेच मागील आसाकडे जाणारी रबरी नळी आतून फुगणे ही दोन कारणे विशेष होत. फुगलेल्या नळीतून पेडलच्या दाबाने तेल पुढे जाते, परंतु सहज परतत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो.

ई) पुढील ब्रेकची निष्क्रियता : पुढील कॅलिपर अडकल्यास मागील ब्रेकना त्यांचे काम करावे लागते. येथे दोष पुढे असतो आणि लक्षण मागे दिसते.

उ) धूळ, चिखल व ऑइल सील : ड्रम बंदिस्त असल्याने आत गेलेली माती तेथेच राहते व घासकागदाप्रमाणे काम करते. शेतरस्त्यावर व पाण्यातून जाणाऱ्या वाहनात हे विशेष संभवते. आसाचे ऑइल सील गळल्यास लायनर तेलकट होऊन निकामी होते.

झिजेच्या खुणांवरून निदान :
जुने लायनर फेकून देण्यापूर्वी पाहणे, हीच निदानाची पहिली पायरी आहे. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असतील तर भारसंवेदी झडप, मुख्य रबरी नळी, हॅन्डब्रेकचा ताण, पुढील ब्रेक, अतिभार किंवा चालनपद्धती यांकडे लक्ष द्यावे. एकच बाजू झिजली असेल तर त्या बाजूचा व्हील सिलेंडर, तार, परतीची स्प्रिंग किंवा ऑइल सील तपासावे. झीज तिरकी असेल तर बेअरिंगमधील ढिलाई वा वाकलेली मागील पत्री संभवते. एकाच चाकातील दोन शूंपैकी फिरण्याच्या दिशेने ड्रममध्ये ओढला जाणारा शू थोडा अधिक झिजणे हा मात्र दोष नव्हे.

ड्रमचा कमाल व्यास सामान्यतः त्यावरच कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम लेथवर घासून वापरणे धोक्याचे आहे. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती श्वसनास अपायकारक असते.

कायदा व अतिभार :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र लहान शेतकऱ्याला दोन खेपांऐवजी एकाच खेपेत माल नेण्याचा मोह का होतो, हे भाडे आणि बाजारभाव यांच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. एका खेपेचे वाचलेले भाडे दिसते; लायनर, ड्रम, टायर यांवरचा खर्च पुढे विभागून येतो, म्हणून तो दिसत नाही. तंत्राचा प्रश्न येथे अर्थशास्त्राशी जोडला जातो.

निष्कर्ष :
१) भरलेल्या पिकअपच्या मागील ब्रेकची घाटातील अधिक झीज काही अंशी स्वाभाविक आहे, परंतु एका बाजूची, तिरकी किंवा अचानक वाढलेली झीज दोष दर्शविते.
२) लायनर झिजणे हे लक्षण आहे, कारण नव्हे. कारण दूर न करता केलेला बदल खर्च वाढवितो व धोका कायम ठेवतो.
३) पाट्यांतील बदल आणि भारसंवेदी झडप यांचा संबंध सर्वाधिक दुर्लक्षित आहे.
४) खालच्या गिअरमध्ये घाट उतरणे हा विनाखर्चाचा व सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

शिफारशी :
महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने हंगामापूर्वी ब्रेक तपासणी घ्यावी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घाट उतरलेल्या वाहनाच्या ड्रमचे तापमान अवरक्त तापमापीने मोजता येईल, तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना खेप, भाडे व दुरुस्ती यांचा हिशेब मांडता येईल. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वर्गात शिकविला जातो. त्याच नियमाने घाटातील ब्रेक तापतात. हा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी आल्यास त्यांतील अनेकांच्या घरी उभ्या असलेल्या पिकअपपर्यंत हे ज्ञान आपोआप पोहोचेल.