अटारीची पन्नाशी : आठवणींचा संग्रह की इतिहास?

पडद्यावर काही किल्ले, बदकासारखे दिसणारे ड्रॅगन आणि नायक म्हणून केवळ एक चौकोन. ‘ॲडव्हेंचर’ या १९८० च्या व्हिडिओ गेममध्ये एवढेच दिसत असे. मात्र त्यातील काळ्या किल्ल्याच्या चक्रव्यूहात एक बारीक राखाडी ठिपका दडलेला होता. पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून गेल्यामुळे तो सहजी नजरेस पडत नसे. तो उचलून ठराविक भिंतीपाशी नेला, की एका गुप्त दालनाची वाट मोकळी होई आणि तेथे एकच ओळ झळकत असे : हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केला आहे.

आपलेच नाव एखाद्या निर्मात्याला असे चोरून का लिहावे लागले? ज्या अटारी कंपनीसाठी रॉबिनेट काम करीत, ती खेळाच्या वेष्टनावर प्रोग्रामरचे नाव छापत नसे. खेळ कंपनीचा, नाव कंपनीचे आणि नफाही कंपनीचा! अमेरिकेतील एका मुलाने पत्र लिहून हे गुप्त दालन कंपनीच्या नजरेस आणले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते.

हा खेळ आज पुन्हा खेळता येतो. अटारीच्या स्थापनेला पन्नास वर्षे झाली त्यानिमित्त नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘अटारी ५०’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक जुने खेळ, त्यांच्या जाहिराती, आराखडे आणि निर्मात्यांच्या मुलाखती त्यात कालानुक्रमे मांडल्या आहेत. प्रेक्षक एखाद्या वस्तुसंग्रहालयातून फिरावा तसा त्यातून फिरतो आणि वाटेत मन रमले तेथे थांबून खेळतो. ज्यांची नावे वेष्टनावर कधी आली नाहीत, ती माणसे येथे स्वतः बोलतात, हे या संग्रहाचे सर्वांत मोठे यश होय.

जुने यंत्र, नवा पडदा

कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी २७ जून १९७२ रोजी अटारीची स्थापना केली. त्याच वर्षी ॲल अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा खेळ तयार केला. पहिले यंत्र सनीव्हेल येथील एका मद्यालयात ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी जाऊन पाहिले, तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांची पेटी काठोकाठ भरली होती.

असा खेळ पन्नास वर्षांनी पुन्हा उभा करणे दिसते तितके सोपे नाही. ‘पाँग’मध्ये प्रोसेसर नव्हता आणि प्रोग्रामही नव्हता. सारा खेळ तारा आणि चिप यांच्या जोडणीतून घडत असे. त्यामुळे उतरवून घ्यावी अशी आज्ञावलीच अस्तित्वात नाही. तो नव्याने लिहून काढावा लागतो.

१९७७ साली आलेल्या ‘व्हीसीएस’ या घरगुती यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचे खेळ बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये साठवलेले असत. ही आज्ञावली उतरवून घेता येते. पण आजच्या संगणकाला ती समजत नाही. म्हणून जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब वठवणारी प्रणाली लिहावी लागते. तिला एम्युलेटर म्हणतात. व्हीसीएसची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट इतकी होती. या लेखातील एखादे लांब वाक्यही तीत मावणार नाही. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवून ठेवणे अशा यंत्राला अशक्यच होते. परिणामी दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावर एकेक ओळ रेखाटत असताना, त्याच क्षणी त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रामला सांगावे लागे. एम्युलेटरला ही वेळही अचूक साधावी लागते; अन्यथा चित्र विस्कटते.

पाच आठवड्यांचा खेळ

१९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे कंपनीची भरभराट झाली, तशी निर्मात्यांची नाराजीही वाढली. डेव्हिड क्रेन यांनी पुढे सांगितल्यानुसार, १९७८ सालच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या कार्ट्रिजविक्रीत त्यांचा व त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा वाटा सहा कोटींच्या घरात होता. श्रेय आणि मोबदला मागितल्यावर नकार मिळाला. या चौघांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि आपल्या खेळांवर निर्मात्याचे नाव छापण्यास सुरुवात केली.

१९८२ च्या अखेरीस अटारीने ‘ई.टी.’ या चित्रपटावर आधारित खेळ बाजारात आणला. नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो सुमारे पाच आठवड्यांत पूर्ण करावा लागला. न खपलेल्या कार्ट्रिजचे ढीग साचले. बाजारात सुमार खेळांचा पूर आला होता आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा उद्योगच कोसळला. त्या वर्षी अटारीला पन्नास कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कंपनीने आपला माल अक्षरशः जमिनीत गाडला. २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे तेराशे कार्ट्रिज बाहेर काढण्यात आली. त्यांपैकी ‘ई.टी.’चे एक स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

जे संग्रहात नाही

हा सारा वृत्तान्त कळल्यावर कुणीही ‘अटारी ५०’मध्ये प्रथम ‘ई.टी.’ शोधेल. २०२२ च्या मूळ संग्रहात तो नाही. वॉर्शॉ यांचाच गाजलेला ‘यार्स रिव्हेंज’ आहे. कारण त्याचे हक्क अटारीकडे आहेत. ‘ई.टी.’ चित्रपटाचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत. ज्याने व्हीसीएस घरोघरी पोहोचवले तो ‘स्पेस इन्व्हेडर्स’ त्या संग्रहात नव्हता, तसेच सत्तर लाखांहून अधिक प्रती खपलेला ‘पॅक-मॅन’ही नव्हता. दोन्ही मूळचे जपानी कंपन्यांचे. ॲक्टिव्हिजनचे खेळही त्यात नाहीत. १९८४ मध्ये अटारीचे विभाजन झाले. तेव्हा वेगळ्या निघालेल्या आर्केड शाखेचा ‘गाँटलेट’ (१९८५) देखील नाही. थोडक्यात, आपल्याला दिसणारा इतिहास आणि आजच्या मालकाच्या हाती असलेली कागदपत्रे यांच्या सीमा एकच आहेत.

यात कुणाची लबाडी आहे असे नव्हे. संग्रह तयार करणाऱ्या डिजिटल एक्लिप्स या संस्थेने कंपनीचे अपयशही मोकळेपणाने सांगितले आहे. अर्धवट राहिलेल्या ‘स्वोर्डक्वेस्ट’ मालिकेचा चौथा भाग तर त्यांनी नव्याने घडवून या संग्रहात समाविष्ट केला. तथापि २०२३ मध्ये अटारीने ही संस्थाच विकत घेतली. ज्याचे चरित्र, त्याचीच लेखणी, अशी ही स्थिती आहे.

आणि मालकाची मर्जी फिरली तर? निन्टेन्डोने मारिओच्या पस्तिसाव्या वर्षानिमित्त २०२० मध्ये तीन जुन्या खेळांचा संग्रह काढला आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची विक्री थांबवली. उत्सव संपला, मांडव उतरला! ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ अधिकृतपणे विक्रीस उपलब्ध नाहीत. असे खेळ संशोधकांना ग्रंथालयांमार्फत दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

या विषयाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आपल्यापर्यंत अपुराच पोहोचला आहे. चित्रपट ही जपून ठेवण्याजोगी वस्तू आहे, हे उमगेपर्यंत बराच काळ गेला होता. व्हिडिओ गेम आज त्याच वळणावर उभे आहेत.

‘अटारी ५०’सारखे संग्रह म्हणूनच स्वागतार्ह आहेत. मात्र ते ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाहीत. कंपनी आपल्या मालकीचे तेवढे जपते आणि विकले जाईल तेवढे मांडते. उरलेले जपण्यासाठी सार्वजनिक संस्था लागतात आणि त्यांना मुभा देणारा कायदाही लागतो. रॉबिनेट यांचे नाव आज वाचता येते, कारण ‘ॲडव्हेंचर’चे हक्क योगायोगाने आजच्या अटारीकडे राहिले. ते अन्य कुणाकडे गेले असते, तर तो राखाडी ठिपका उचलण्याची संधी या संग्रहाने कुणालाच दिली नसती.