नाकारलेल्या सुरांचा गौरव

शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमधील गायकवृंदाची धुरा टॉमस डॉर्सी (१८९९-१९९३) यांनी १९३२ पासून चार दशकांहून अधिक काळ वाहिली. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ‘गॉस्पेल’ भक्तिसंगीताचे जनक म्हणून त्यांचा होणारा गौरव यथार्थच आहे. परंतु पूर्वी ब्लूज वाजविणाऱ्या या पियानोवादकाची भक्तिगीते प्रारंभी अनेक कृष्णवर्णीय चर्चनीच बाजारू ठरवून नाकारली होती, हे गौरवाच्या भरात विसरून कसे चालेल? १९३२ मध्येच त्यांची पत्नी प्रसूतीत गेली, पाठोपाठ नवजात पुत्रही. त्या शोकातून ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत जन्मले. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी तेच गायिले. तोवर चर्चचे सोवळे कुठल्या कुठे गेले होते! डॉर्सींनी मात्र ब्लूजशी असलेले आपले नाते कधीच नाकारले नाही.