दाण्याविना खमंगपणा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात, चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. वाळवलेली ही फुले नुसती तव्यावर भाजली, तरी दाणे भाजल्यासारखा खमंग वास सुटतो. दाणा तर एकही नसतो. मग हा वास येतो कुठून?

मोहफुलात साखर भरपूर असते आणि प्रथिनांचे घटकही थोडे असतात. आच लागली की दोन्हींचा संयोग होतो, रंग तांबूस होतो आणि नवी सुगंधी द्रव्ये तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ साली ही क्रिया मांडली. बिअरसाठी जवाला मोड आणून ते वाळवतात, भाजतात. तेव्हाही हेच घडते. म्हणून काही बिअरना अक्रोडासारखी चव लागते. आच कमी पडली तर खमंगपणा येत नाही, जास्त झाली तर कडवटपणा येतो.

मोह म्हटले की लोकांना दारूच आठवते. पण साखर तीच. आंबवली की मद्य, भाजून तिळाबरोबर कुटली की लाडू. टंचाईत ज्या झाडाने गोंड घरांना जेवू घातले, त्याला केवळ भट्टीच्या नावाने ओळखणे मला अन्यायाचे वाटते.