४९ नंतरचं रजिस्टर

सकाळी सात. मे महिन्यात बायकांना घरी गाठायचं तर ऊन चढायच्या आत. बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं हे उपकेंद्र, आणि मी इथली समुदाय आरोग्य अधिकारी. आशाताई माझ्याआधीच तांड्यावर पोचल्यात. ऊसतोडीच्या टोळ्या पाडव्याच्या मागेपुढे परतल्या. दसरा झाला की पुन्हा ट्रक भरतील, आणि त्याआधी पेरणी-खुरपणी आहेच. या बायका निवांत सापडतात ते एवढ्याच दिवसांत.

आशाताई एकेकीचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका मापायचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, कमरेचा घेर, आईबापाला बीपी-शुगर होती का. गुण चारच्या वर गेले की त्या बाईला आधी बोलवायचं. तपासणी मात्र तिशीपुढच्या प्रत्येकीची करायची. घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की बाईचे गुण वाढायला लागतात. इथल्या कित्येकींचा सत्तरही भरत नाही. म्हणून मी आशाताईंना सांगत असते, बारकी बाई दिसली तर तिला सोडू नका. काटक अंगाच्या बाईला बीपी नसतो हा समज गावात फार पक्का आहे, आणि आमच्या रजिस्टरनं तो पुन्हा पुन्हा खोटा ठरवलाय.

साडेआठ. दारात बसून एक आत्या मिश्री लावतायत. हिरड्यांवर बोट फिरवतच म्हणाल्या, "या मॅडम, मोजा बीपी." मी थांबले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्यावर किंवा चहा घेतल्यावर अर्धा तास तरी बीपी मोजायचा नाही, आकडा फुगलेला येतो. तोवर टॉर्चनं तोंड पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, लाल जागा आहे का, न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. आत्यांच्या खालच्या हिरडीजवळ पांढुरकं काहीतरी होतं. दंतवैद्याकडे पाठवायची चिठ्ठी तिथंच लिहिली. मिश्री सोडायचं बोलणं एका बैठकीत होत नाही, आजपासून ते सुरू झालं.

दहा ते बारा हे माझे सगळ्यात महत्त्वाचे दोन तास. उपकेंद्राच्या ओट्यावर बायका जमलेल्या असतात. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. नुसतं बसायला सांगितलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं. १४०/९० च्या वर आलं तर एकाच मोजमापावर शिक्का मारत नाही, थोड्या वेळानं पुन्हा मोजते आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावते. बोटाला टोचून शुगर बघते. जेवणाची वेळ न बघता केलेली ही तपासणी १४० च्या वर गेली, तर उपाशीपोटी रक्त द्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते.

आज आलेल्यांत एक बाई होती, वय एक्केचाळीस. गुडघे, कंबर, रात्री अंगातून वाफा, झोप नाही. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "ती कुठली आता? पिशवी काढलीय की. धाकटं लेकरू दोन वर्षांचं होतं तवा." धाकटं लेकरू आता दहावीत आहे.

पिशवी काढलेल्या बायका आमच्याकडे घरोघरी आहेत. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्या आकड्यावर खूप लिहिलं गेलं. पण ऑपरेशननंतर या बायकांच्या शरीरात काय चालतं, ते वर्षानुवर्षं कोण बघतं? गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेले असतील तर पाळीबंदीची अवस्था त्याच दिवशी सुरू होते. अंडाशय ठेवले असले तरी ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं झपाट्यानं विरळ होतात, वाईट चरबी वाढते, हृदयाला असलेला आधार कमी होतो. म्हणजे पिशवी काढलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या बाईकडे पंचावन्नच्या नजरेनं बघावं लागतं.

तिला विचारलं, अंडाशय ठेवलेत का काढलेत? तिला माहीत नाही. दवाखान्याचा कागद पाचटाच्या कोपीत भिजून गेला. माझ्या वहीत यासाठी मी दोन जास्तीचे रकाने आखलेत: ऑपरेशनचं साल आणि अंडाशय. दुसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्हच असतं. ते घालवायला सोनोग्राफी लागते, आणि त्यासाठी मी भांडते.

मग तिला भिंतीशी उभं केलं. चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून उंची घेतली. हाडांची घनता मोजायचं यंत्र इथं येणार नाही, पण भिंतीवरची पट्टी आहे. दोन मोजमापांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर मणका दबला असण्याची शंका घ्यायची. मुलांची उंची आपण कौतुकानं दारावर कोरतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाईची उंची कुणी मोजत नाही.

हिमोग्लोबिन नऊ निघालं. बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय. पाळीच थांबली तर रक्त जातंय कुठं, हा प्रश्न इथं विचारलाच पाहिजे. नुसत्या लोहाच्या गोळ्या हातात ठेवून चालणार नाही. मूळव्याध, पोटातला व्रण, जंत, ताटातलं अन्न, सगळं बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या चौपन्न टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा आकडा १५ ते ४९ वयाचा आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईचं हिमोग्लोबिन त्यात मोजलेलंच नाही. गरोदरपणात तिचं कार्ड निघतं, बाळंतपणानंतर तिच्या घरी फेऱ्या होतात, नसबंदी झाली की मोजमाप थांबतं. पुढची तीस-चाळीस वर्षं तिनं कशी काढायची? माझा सगळा त्रागा या एका प्रश्नापाशी आहे.

बारा वाजता पडदा लावून आतल्या खोलीत छातीची आणि गर्भाशयमुखाची तपासणी. स्तनाची तपासणी हातानंच होते. लाजणाऱ्यांना मी मुंबईची हकीकत सांगते. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून तिथल्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: सगळ्या वयांचा मिळून फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. माझ्यासारखीच्या हातांनी हे होतं, याचं मला बळ वाटतं.

गर्भाशयमुखाला अ‍ॅसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. पण पाळी गेल्यावर जी जागा बघायची तीच आत सरकते, आणि ही तपासणी तोकडी पडते. त्या वयात एचपीव्ही या विषाणूची चाचणी हवी. तिचा मोठा पुरावा आमच्या शेजारचाच आहे. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आलेले दिसले. ती चाचणी माझ्या उपकेंद्रात अजून नाही. ती इथं यायला हवी.

दोन. सिस्टरांबरोबर डबा.

तीन वाजता एक आजी सुनेला घेऊन आल्या. आधी गुडघ्याचं सांगितलं, मग खोकल्याचं. सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "अंगावरून लाल जातंय. पाळी जाऊन लई वर्षं झाली. परत आली म्हणायची का?" परत येत नाही, आजी. वर्षभर पाळी आली नाही की ती गेली, आणि त्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासणी करायचीच. कारण साधंही निघतं, पण आधी गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना याची खात्री करावी लागते. किती दिवसांपासून? "होळीपासून." एवढे दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं. अंग बाहेर येणं, खोकताना लघवी जाणं, हे सगळं असंच शेवटी, दार लोटल्यावर बाहेर येतं. म्हणून आता मी वाट बघत नाही, बीपीसारखंच प्रत्येकीला विचारते.

आजींच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, लग्नसराई उरकली की बघू. त्याला स्पष्ट सांगितलं, याच आठवड्यात अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं.

पाच. पोर्टलवर नोंदी. नेट अडकत होतं, तोवर कार्डं लिहिली. बीपीच्या गोळ्या नव्यानं सुरू झालेल्यांची यादी वेगळी काढली आहे. दसऱ्याच्या आत त्यांचा बीपी आटोक्यात आला तरच त्या सांगली-कोल्हापूरकडे गेल्यावर गोळी टिकते. प्रत्येकीच्या कार्डावर आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा), गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटचे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहिते, म्हणजे फडाजवळच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात ते दाखवता येईल. कार्ड भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या मागवल्यात.

सहाला आजींच्या मुलाचा फोन आला. गुरुवारी न्यायला तयार आहे, केसपेपर कुठं काढायचा विचारत होता. आशाताई सोबत जातील. त्याच गाडीत एक्केचाळीस वर्षांच्या त्या बाईलाही बसवायचं ठरलं, सोनोग्राफीसाठी.