शोधनिबंधाची प्रस्तावना कशी असावी?

धम्म व पालि साहित्य यांवर लिहिणारे तरुण अभ्यासक आज पुढे येत आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु त्यांच्या अनेक शोधनिबंधांच्या प्रस्तावना केवळ गौरवपर असतात. तथागतांची थोरवी व बाबासाहेबांचे उपकार यांत दोन पाने खर्ची पडतात. मूळ प्रश्न कोणता, हे कळतच नाही. श्रद्धा रास्तच आहे. पण परीक्षक अशा निबंधावर 'भावनिक' असा शिक्का मारून मोकळा होतो आणि पुढील पानांतील कष्टाचे संशोधन दुर्लक्षित राहते.

या बाबतीत आम्ही बाबासाहेबांचाच आदर्श समोर ठेवू इच्छितो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. वस्तूंच्या प्रदर्शनाचा दाखला देऊन ते प्रथम परदेशी श्रोत्यांना परिचिताकडून अपरिचिताकडे नेतात. हा प्रश्न थोरामोठ्यांनाही उलगडलेला नाही, हे मान्य करतात. पुढे जातीचा उगम, यंत्रणा व प्रसार एवढीच विवेचनाची मर्यादा आखतात. त्यानंतर सेनार, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या तपासून, जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म होय, हा सिद्धांत मांडतात. स्वतः भोगलेल्या अन्यायाचा तेथे उच्चार नाही; तेथे केवळ तर्क बोलतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी परिव्रज्या, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म व भिक्खुसंघ यांविषयीचे चार प्रश्नच वाचकांपुढे ठेवले आहेत.

यावरून बोध असा की, 'बौद्ध धम्मातील स्त्रिया' असा अफाट विषय न घेता, 'थेरीगाथेतील पाणी वाहणारी दासी पुण्णिका ब्राह्मणाच्या स्नानशुद्धीचे खंडन कोणत्या युक्तिवादाने करते?' असा नेमका प्रश्न घ्यावा. तो पहिल्याच परिच्छेदात सांगावा. पूर्वसूरींनी काय म्हटले व काय राहिले, हे थोडक्यात नोंदवावे. मूळ पालि पाठाची कोणती आवृत्ती वापरली व कशाचा विचार केला नाही, हेही स्पष्ट करावे. अखेरीस आपले प्रतिपादन एका वाक्यात मांडावे.

निबंध पूर्ण झाल्यावर प्रस्तावना पुन्हा लिहावी, कारण निष्कर्ष बहुधा लिहिता लिहिताच स्पष्ट होतो. सुत्ताच्या आरंभीचे निदान उपदेश कोठे व कोणत्या प्रसंगी झाला, हे मोजक्या शब्दांत सांगून बाजूला होते. प्रस्तावनेचेही कार्य तेवढेच आहे.