कॅमेऱ्यापुढील खुजा देह : बिली बार्टी यांची सात दशके

विसाव्या शतकातील हॉलिवूडने खुज्या देहाचा वापर कशाकशासाठी केला, हे तपासावयाचे असल्यास बिली बार्टी (१९२४–२०००) यांच्या कारकिर्दीइतके सलग साधन दुसरे सापडणे कठीण आहे; कारण मूकपटांच्या अखेरच्या पर्वात लहान मूल म्हणून पडद्यावर आलेला हा चरित्र अभिनेता रंगीत कल्पनारम्य चित्रपटांच्या काळापर्यंत, म्हणजे जवळजवळ सात दशके, काम करीत राहिला. पेनसिल्व्हेनियातील मिल्सबरो येथे जन्मलेल्या बार्टी यांचे मूळ नाव विल्यम जॉन बर्टान्झेटी असून प्रौढपणी त्यांची उंची ३ फूट ९ इंच होती. त्यांच्या खुजेपणाचे कारण ‘कार्टिलेज-हेअर हायपोप्लेसिया’ हा आनुवंशिक विकार होता. त्यात ज्या कूर्चेतून हाडे लांबीला वाढतात तिची वाढ खुंटते, केस विरळ व अतिशय तलम राहतात आणि सदोष जनुक आई व वडील अशा दोघांकडून आले तरच तो प्रकट होतो. अमेरिकी वैद्यक व्हिक्टर मॅक्युसिक यांनी त्याचे वर्णन १९६५ मध्ये केले आणि त्यामागील जनुक २००१ मध्ये, बार्टी यांच्या निधनानंतर, ओळखले गेले.

मिकी रूनी यांच्या ‘मिकी मॅग्वायर’ या लघुपटमालिकेत बार्टी नायकाच्या धाकट्या भावाची भूमिका करीत. तथापि त्यांच्या देहाचा हिशेब सर्वाधिक चतुराईने मांडला तो नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली यांनी. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’मधील उद्यानाच्या नृत्यदृश्यात आठ वर्षांचे बार्टी बाबागाडीतील तान्हे बाळ होतात, चाकांच्या बुटांवर पोलिसांना हुलकावणी देतात, ओले कपडे बदलणाऱ्या तरुणींच्या पुढचा पडदा वर ओढतात आणि शेवटी पत्र्याचा पोशाख घातलेल्या नायिकेजवळ हतबल झालेल्या नायकाच्या हाती डबा उघडण्याचे हत्यार देतात. बाळाच्या रूपात प्रौढाचा चावटपणा भरल्यामुळेच हा विनोद साधतो. हेज संहिता, म्हणजे चित्रपट-उद्योगाने स्वतःवर लादलेली नीतिनियमावली, १९३४ पासून कडकपणे लागू झाल्यावर असे दृश्य सहजासहजी सुटले नसते. दृश्य आजही हसवते, परंतु त्यातील मुलाला आपण कशाचे साधन झालो आहोत हे कितपत कळत होते, हा प्रश्न हसता हसता मनात राहतो.

पुढे बहिणींसह व्होडव्हिल, म्हणजे गाणी, नकला व कसरती यांचे मिश्र रंगमंचीय प्रयोग, पत्रकारितेचे शिक्षण आणि स्पाइक जोन्स यांच्या विनोदी वाद्यवृंदातील लिबराची या पियानोवादकाची गाजलेली नक्कल, असा प्रवास झाला. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटात ते होते असा समज मात्र चुकीचा आहे; खुजा नट म्हटला की तो त्या चित्रपटात असणारच, असे गृहीत धरण्याच्या सवयीतून तो रुजला असावा.

१९५७ मध्ये बार्टी यांनी नेव्हाडातील रीनो येथे सुमारे वीस खुज्या व्यक्तींना एकत्र आणले. त्या संघटनेच्या आरंभीच्या नावात ‘मिजेट’ हा शब्द होता. प्रमाणबद्ध अवयवांच्या बुटक्या माणसांसाठी जत्रा-सर्कशीतून रूढ झालेला हा शब्द पुढे अपमानास्पद ठरला आणि १९६० च्या सुमारास संघटना ‘लिटल पीपल ऑफ अमेरिका’ या नावाने ओळखली जाऊ लागली. (मराठीतील ‘ठेंगू’, ‘बुटका’ या शब्दांनाही चेष्टेचा वास आहेच, आणि प्रस्तुत लेखातील ‘खुजा’ त्यातून सर्वस्वी मुक्त नाही.) १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठानही स्थापन केले. ज्या प्रतिमांमुळे खुज्या माणसाकडे खेळणे म्हणून पाहिले जाई, त्याच प्रतिमांवर बार्टी यांचा चरितार्थ चालत होता, हा विरोध नजरेआड करता येत नाही. मात्र त्याला दुटप्पीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मिळणारी भूमिका नाकारल्याने दुसरी चांगली भूमिका लिहिली जाईल अशी परिस्थिती तेव्हा नव्हती.

तशी भूमिका क्वचित आली. नॅथानेल वेस्ट यांच्या कादंबरीवरून जॉन श्लेसिंजर यांनी काढलेल्या ‘द डे ऑफ द लोकस्ट’ (१९७५) मधील एब कुसिच हा चिडखोर, भांडखोर आणि स्वाभिमानी प्रौढ असून कोंबड्यांच्या झुंजीच्या प्रसंगात जखमी पक्ष्याला सांभाळणाऱ्या त्याच्या हातांत विनोदाचा लवलेश नाही. यानंतरच्या दशकात मात्र चित्रपटसृष्टीने बार्टी यांचा चेहराच झाकला. ‘लेजंड’ (१९८५) व ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ (१९८७) यांत ते प्रॉस्थेटिक रंगभूषेखाली, म्हणजे चेहऱ्यावर चिकटवलेल्या कृत्रिम त्वचेआड, वावरले. आणि दुसऱ्या चित्रपटातील ग्विल्डॉरसाठी त्यांना वर्षातील सर्वांत वाईट अभिनयाच्या उपहासात्मक ‘रॅझी’ पुरस्काराचे नामांकन मिळाले, जणू त्या थराखालून चेहऱ्याने आणखी काही करून दाखवणे शक्य होते!

‘विलो’ (१९८८) मध्ये त्यांनी गावाचा वृद्ध मांत्रिक साकारला. समोर शिष्यत्वाच्या परीक्षेला उभा असलेला नायक होता तरुण वॉर्विक डेव्हिस, स्वतः खुजा आणि चित्रपटाच्या केंद्रस्थानी. पुढच्याच वर्षीच्या ‘यूएचएफ’मध्ये बार्टी एका किरकोळ दूरचित्रवाणी केंद्राचे छायाचित्रकार झाले. त्यांनी टिपलेल्या बातमीत वार्ताहर बाई अर्थातच खालून वर दिसतात.