समुद्र ओलांडलेल्यांच्या कथा

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि व्हिएतनाममधले युद्ध संपले; लोकांचे देश सोडणे मात्र पुढे दोन दशके चालू राहिले. सुमारे आठ लाख माणसे बोटींतून परक्या किनाऱ्यांना लागली. वाटेत बुडालेल्यांची मोजदाद झालीच नाही. नाम ले यांच्या ‘द बोट’ (२००८) मधली शीर्षककथा या प्रवासाला थेट भिडते. इतर अनेक लेखक युद्ध दाखवतात ते पुढच्या संसारात: किराणा दुकानात, नेल सलूनमध्ये, परक्याच्या घरातल्या खोलीत.

व्हिएत थान्ह न्गुयेन यांच्या ‘द रेफ्युजीज’ (२०१७) मधल्या पहिल्या कथेची नायिका इतरांची आत्मचरित्रे लिहून देते. बोटीवर काय घडले, हे मात्र तिच्या स्वतःच्या घरात कुणी बोलत नाही. चाच्यांच्या नजरेतून सुटावी म्हणून भावाने तिचे केस कापून तिला मुलाचे रूप दिले होते. तो मारला गेला. कित्येक वर्षांनी त्याचे भूत समुद्र पोहून, ओल्या कपड्यांनी घरी येते. भुताची ही योजना निव्वळ चमत्कृतीसाठी नाही. घराबाहेर, अवेळी मेलेल्याचा आत्मा भटकत राहतो, ही व्हिएतनामी लोकांची जुनी श्रद्धा. समुद्रात गेलेल्याला तर थडगेही नसते.

ले थि डिएम थुई यांच्या ‘द गँगस्टर वी आर ऑल लुकिंग फॉर’ (२००३) मध्ये सॅन डिएगोत आलेली लहान मुलगी काचेच्या पेपरवेटमध्ये अडकलेले फुलपाखरू पाहते. त्याला सोडवायला ती पेपरवेट फेकते, यजमानांच्या कपाटातली काचेची खेळणी फुटतात आणि बापलेकीचा आसरा जातो. तिचा भाऊ मायदेशीच बुडून गेला, हे वाचकाला फार उशिरा कळते. आठवण अशी आडवाटेने येते, म्हणूनच ती खरी वाटते.

किम थुई यांची फ्रेंच कादंबरी ‘रु’ (२००९) तर छोट्या तुकड्यांतच लिहिलेली आहे. काळाचा क्रम त्यात टिकत नाही. ओशन वुओंग यांच्या २०१९च्या कादंबरीत मुलगा आईला पत्र लिहितो, आणि आईला वाचता येत नाही. नाम ले यांच्या पहिल्या कथेत युद्धातल्या माय लाय हत्याकांडातून वाचलेल्या वडिलांची हकीकत मुलगा लिहून काढतो. वडील ते कागद जाळतात. ज्याने सोसले त्याच्या आठवणीवर लिहिणाऱ्याचा हक्क किती, हा प्रश्न लेखकांच्या या पिढीने स्वतःलाच विचारला आहे.

न्गुयेन यांच्या ‘द सिंपथायझर’ला २०१६चे पुलित्झर मिळाले. त्यात हा प्रश्न हॉलिवूडला विचारला जातो. युद्धपटाच्या पटकथेत एकाही व्हिएतनामी पात्राला संवाद नाही, म्हणून नायक दिग्दर्शकाशी भांडतो. त्याच्या पदरात पडतात ती मोजकी वाक्ये.